फिलाडेल्फियातले चार महिने : अमेरिकेची घटना मसुदाकाराच्या नजरेतून

प्रश्न असा आला आहे : १७८७ साली फिलाडेल्फियात जमलेल्या ५५ जणांनी अवघ्या चार महिन्यांत अमेरिकेची राज्यघटना लिहिली. ती माणसंच तेवढी थोर होती म्हणून हे जमलं, की आणखी काही कारण होतं? आणि कागदावरच्या घटनेतून प्रत्यक्ष सरकार कसं उभं राहिलं?

माझं आयुष्य कायद्यांचे मसुदे करण्यात गेलं, त्यामुळे उत्तर जरा रुक्ष वाटेल. माणसं हुशार होती यात वाद नाही. पण हुशार माणसं एका खोलीत बसवली की एकमत होतं, असं मी तरी पाहिलेलं नाही. बहुतेक वेळा उलटच होतं. फिलाडेल्फियात काम तडीस गेलं ते कामाच्या पद्धतीमुळे. पहिल्या चार-पाच दिवसांत ठरवलेले नियम, अडलेला मुद्दा समितीकडे सोपवण्याची सवय आणि आज सुटत नाही ते पुढे ढकलण्याची तयारी, या तीन गोष्टी नसत्या तर जुलैतच सगळे आपापल्या गावी परतले असते. यातल्या तिसऱ्या गोष्टीने घटना झाली, आणि तिचीच किंमत पुढच्या पिढ्यांनी रक्ताने मोजली.

आधी जुनी व्यवस्था थोडक्यात. ब्रिटनपासून फुटलेल्या १३ राज्यांनी १७७७ मध्ये एक करार केला होता. शेवटचं राज्य मेरीलँड. त्याची सही होऊन करार लागू व्हायला १ मार्च १७८१ उजाडलं. या व्यवस्थेत काँग्रेस एकच सभागृह, प्रत्येक राज्याला एक मत, महत्त्वाच्या कामाला नऊ राज्यांचा होकार. राष्ट्राध्यक्ष नाही, कायमची न्यायालयं नाहीत. कर बसवण्याचा अधिकारही नाही. राज्यांकडे मागायचं आणि मिळेल तेवढ्यावर भागवायचं. १७८१ मध्ये आयात मालावर ५ टक्के जकात बसवण्याची योजना निघाली, ती ऱ्होड आयलंडच्या नकाराने बारगळली. १७८३ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तो न्यूयॉर्कच्या आडमुठेपणाने बुडाला. मेख होती एका कलमात. करारात कोणतीही दुरुस्ती करायची तर तेराही राज्यांची संमती हवी होती. ज्या दस्तऐवजाची दुरुस्ती त्याच्याच नियमांनी अशक्य होते तो एक दिवस बाजूला सारला जातो. इथे तेच झालं.

निमित्तं दोन मिळाली. सप्टेंबर १७८६ मध्ये व्यापाराच्या प्रश्नांवर ॲनापोलिसला बैठक बोलावली होती. पाचच राज्यांचे मिळून १२ जण आले. एवढ्यांनी ठरवून उपयोग काय? पण हात हलवत परतण्याऐवजी न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर हॅमिल्टनने एक अहवाल लिहिला आणि पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला सर्व राज्यांची परिषद बोलवा अशी मागणी केली. फसलेल्या बैठकीतून पुढच्या बैठकीचं आमंत्रण काढणं हीदेखील एक कला आहे. दुसरं निमित्त म्हणजे पश्चिम मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी. डॅनियल शेज या माजी सैनिकाच्या नावाने ओळखला जाणारा त्यांचा उठाव जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापर्यंत पोचला. तो मोडायला काँग्रेसकडे ना फौज होती ना पैसा. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी खिशातून पैसे घालून राज्याची फौज उभी केली. आजवर कुंपणावर बसलेल्या अनेकांना यामुळे घाम फुटला. २१ फेब्रुवारीला काँग्रेसने परिषदेला मान्यता दिली, तीही जुन्या करारात सुधारणा सुचवण्यापुरतीच. हा ‘पुरतीच’ लक्षात ठेवा.

परिषद १४ मेला सुरू व्हायची होती. पण रस्ते चिखलाचे आणि माणसं सावकाशीची, त्यामुळे सात राज्यांचा कोरम भरायला २५ मे उजाडला. ऱ्होड आयलंडने शेवटपर्यंत कोणालाच पाठवलं नाही. न्यू हॅम्पशायरची माणसं जुलैच्या अखेरीस पोचली, म्हणजे सगळ्यात मोठं भांडण मिटल्यावर. जेफर्सन तेव्हा पॅरिसला होता आणि ॲडम्स लंडनला. ‘संस्थापक’ म्हटलं की डोळ्यांसमोर येणारी ही दोन नावं त्या खोलीत नव्हतीच. ८१ वर्षांचा फ्रँकलिन होता, २६ वर्षांचा जोनाथन डेटन होता, आणि अध्यक्षस्थानी जॉर्ज वॉशिंग्टन.

आता नियमांकडे येतो. बहुतेक पुस्तकं हा भाग दोन ओळींत उरकतात. मला विचाराल तर सगळी किल्ली इथेच आहे. जॉर्ज विथ, हॅमिल्टन आणि चार्ल्स पिंकनी अशा तिघांनी नियमांचा मसुदा केला. त्यात एक कलम असं होतं की कोणाही सदस्याने मागणी केली तर कोणी कोणत्या बाजूने मत दिलं ते नावानिशी नोंदवावं. मॅसॅच्युसेट्सच्या रूफस किंगने हरकत घेतली. व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने त्याला दुजोरा देताना कारण सांगितलं : मत एकदा नावावर लिहिलं गेलं की पटल्यावरही माणूस ते बदलायला कचरतो. कलम गळालं. मग नॉर्थ कॅरोलिनाच्या स्पेटने सुचवलं की एखाद्या मुद्द्यावर मतदान झालं तरी तो पुन्हा उघडता यावा. तेही मान्य झालं. तिसरा नियम गुप्ततेचा. आत बोललेलं बाहेर छापायचं नाही, सांगायचं नाही. दारावर पहारेकरी उभे राहिले.

गुप्तता किती मनावर घेतली होती त्याचा एक किस्सा जॉर्जियाच्या विल्यम पिअर्सने लिहून ठेवला आहे. ठरावांची एक प्रत कोणाच्या तरी हातून बाहेर पडली. ती मिफ्लिनला सापडली, त्याने वॉशिंग्टनकडे दिली. दिवसाचं काम संपल्यावर वॉशिंग्टन उठला, असा निष्काळजीपणा पुन्हा नको म्हणून सगळ्यांना खडसावलं, कागद टेबलावर आपटला, ज्याचा असेल त्याने घ्यावा म्हणाला आणि निघून गेला. कोणीही पुढे झालं नाही. पिअर्सने खिसा चाचपला तर त्याची प्रत गायब. पुढे जाऊन बघतो तो टेबलावरच्या कागदाचं अक्षर दुसऱ्याचं. बिऱ्हाडी परतल्यावर त्याची प्रत दुसऱ्या कोटाच्या खिशात सापडली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तो कागद न्यायला मात्र कोणीच आलं नाही, असं तो लिहितो.

आजच्या काळात बंद दाराआड घटना लिहिणं कोणालाच मान्य होणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण या नियमांनी काय साधलं ते पाहा. दाराबाहेर टाळ्या वाजवणारं कोणी नव्हतं, नावावर मत चढत नव्हतं आणि हरलेला मुद्दा पुन्हा मांडता येत होता. त्यामुळे माघार घ्यायला लाज वाटत नव्हती. त्यात आणखी एक युक्ती होती. पूर्ण सभागृहाने स्वतःलाच समिती म्हणवून घ्यायचं, वॉशिंग्टनने खुर्ची सोडायची, मॅसॅच्युसेट्सच्या गोरमने ती घ्यायची. समितीतलं मतदान म्हणजे निव्वळ शिफारस. खरं मतदान पुढे व्हायचं. माणसं तीच, खोली तीच, पण मत कच्चं. जूनचा पहिला पंधरवडा या कच्च्या मतांवरच गेला.

२९ मेला एडमंड रँडॉल्फने व्हर्जिनियाचे १५ ठराव मांडले. मागचं डोकं प्रामुख्याने व्हर्जिनियाच्याच जेम्स मॅडिसनचं. कोरम भरायची वाट पाहत बसलेल्या व्हर्जिनियाच्या लोकांनी ते दिवस वाया घालवले नव्हते. पहिला लेखी मसुदा ज्याचा, चर्चा त्याच्या मसुद्यावर होते, हे आमच्या क्षेत्रातलं जुनं सत्य आहे. या ठरावांत जुन्या कराराची सुधारणा नव्हतीच. दोन सभागृहांचं नवं राष्ट्रीय सरकार होतं, आणि दोन्ही सभागृहांत प्रतिनिधित्व लोकसंख्येच्या किंवा दिलेल्या पैशाच्या प्रमाणात. १५ जूनला न्यू जर्सीच्या पॅटरसनने उलट योजना आणली : काँग्रेस जुनीच, मतं जुनीच, फक्त कर आणि व्यापाराचे अधिकार वाढवा. आपल्याला एवढंच करायला पाठवलं आहे, असं त्याचं म्हणणं. कायद्याच्या दृष्टीने पॅटरसनचं बरोबर होतं. १९ जूनला सात विरुद्ध तीन मतांनी त्याची योजना बाजूला पडली. परिषदेतही मत राज्याचं, प्रत्येकी एकच; मेरीलँडची माणसं निम्मी-निम्मी विभागली होती.

पण लहान राज्यं हटेनात. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, सर्व राज्यांना समान मत, हा त्यांचा शेवटचा हट्ट. २ जुलैला मतदान झालं. मेरीलँडचे दोन सदस्य परस्परविरोधी मतांचे, एरवी त्यांचं मत शून्य व्हायचं. त्या सकाळी त्यातला जेनिफर जागेवर नव्हता, म्हणून ल्युथर मार्टिनने राज्याचं मत समानतेच्या बाजूला टाकलं. शेवटी जॉर्जियाची पाळी. तिच्या चारपैकी दोघे काँग्रेसच्या कामासाठी न्यूयॉर्कला गेलेले. उरलेल्या दोघांत अब्राहम बाल्डविन, मूळचा लहान राज्याचा, कनेक्टिकटचा. त्याने सहकाऱ्याच्या विरुद्ध मत दिलं आणि जॉर्जियाचं मत बाद झालं. निकाल पाच-पाच. सगळं ठप्प.

मग प्रत्येक राज्यातून एक अशी समिती नेमली गेली. मोठ्या राज्यांतून निवडले गेले ते फ्रँकलिन, मेसन, गेरी असे तडजोडीला तयार असणारे. मॅडिसन आणि पेनसिल्व्हेनियाचा विल्सन यांचा समितीला विरोध होता, आणि त्यांना तीत घेतलंच नाही. लहान राज्यांतून मात्र पॅटरसन, बेडफर्ड, मार्टिन असे खंदे भांडकुदळ गेले. समिती निवडली तेव्हाच निकाल लागला होता असं म्हटलं तरी चालेल. प्रतिनिधिगृह लोकसंख्येवर, सिनेट समान मतांवर, आणि पैशाची विधेयकं प्रतिनिधिगृहातून, असा तोडगा आला. १६ जुलैला तो पाच विरुद्ध चार मतांनी पास झाला. मॅसॅच्युसेट्स विभागलं गेलं आणि न्यूयॉर्कचे दोघं आठवड्यापूर्वीच रागावून परत गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या राज्यांचे लोक पुढे काय करायचं ते ठरवायला बसले, आणि काहीच न ठरवता उठले. अमेरिकी सिनेटची आजची रचना एका मताच्या फरकाने आलेली आहे. त्या दिवशी मॅडिसन हरलेल्या बाजूला होता. राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार राष्ट्रीय कायदेमंडळाला द्यावा ही त्याची आवडती सूचनाही दुसऱ्याच दिवशी फेटाळली गेली. त्याला ‘घटनेचा जनक’ म्हणतात खरं, पण घटना त्याच्या मनासारखी झाली नव्हती.

२६ जुलैला परिषदेने दहा-अकरा दिवस सुट्टी घेतली. वॉशिंग्टन मासे पकडायला गेला. मागे राहिलेल्या पाच जणांच्या तपशील समितीने ठरावांचा पहिला खराखुरा मसुदा केला : रटलेज, रँडॉल्फ, विल्सन, एल्सवर्थ आणि गोरम. माझ्या मते संपूर्ण उन्हाळ्यातलं सगळ्यात कसबी काम हेच. रँडॉल्फच्या हातचा कच्चा कागद शिल्लक आहे. सुरुवातीलाच त्याने स्वतःसाठी दोन सूचना लिहिल्या आहेत. पहिली, घटनेत मूलभूत तत्त्वंच घालायची, नाहीतर काळाप्रमाणे बदलायला हव्यात अशा गोष्टी कायमच्या होऊन सरकारचं काम तुंबेल. दुसरी, भाषा साधी आणि नेमकी ठेवायची. सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतरही मसुदा शिकणाऱ्यांना मी याहून वेगळं काही सांगत नाही. या समितीने न विचारता एक मोठा बदलही केला. ‘राज्यांना जमणार नाही अशा सर्व बाबतींत कायदे करण्याचा अधिकार’ असा मोघम ठराव त्यांच्याकडे आला होता. त्यांनी त्याची यादी केली : कर, व्यापार, नाणी, टपाल, युद्ध वगैरे. आणि यादीच्या शेवटी, हे अधिकार अंमलात आणायला आवश्यक आणि योग्य ते कायदे करण्याची मुभा. अधिकारांना कुंपण घालायचं आणि कुंपणाला फाटक ठेवायचं. त्या फाटकातून नंतर काय काय आत आलं, हा अमेरिकी घटनाकायद्याचा अर्धा इतिहास आहे.

६ ऑगस्टला २३ कलमांचा छापील मसुदा प्रत्येकाच्या हाती आला, बाजूला टिपणासाठी रुंद समास सोडलेला. वॉशिंग्टनने स्वतःच्या प्रतीवर केलेल्या दुरुस्त्या आजही पाहता येतात.

ऑगस्टमध्ये गुलामगिरीवर गाठ पडली. खरं तर ती आधीच पडली होती. प्रतिनिधिगृहातल्या जागा मोजताना गुलामांना धरायचं का? दक्षिणेचं उत्तर ‘हो’, उत्तरेचं ‘नाही’. करवसुलीच्या हिशेबासाठी १७८३ मध्ये सुचवलेलं तीन-पंचमांशाचं गुणोत्तर आयतं पडलं होतं, ते जुलैत उचललं गेलं. ज्यांना मत नाही, हक्क नाही, त्यांच्या डोक्यांवर त्यांच्या मालकांना जास्तीच्या जागा मिळाल्या. आता प्रश्न आला गुलामांच्या आयातीचा. २२ ऑगस्टला मेसनने या व्यापारावर घणाघाती भाषण केलं. तो स्वतः मोठा गुलाममालक. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाने बजावलं की बंदी आली तर आम्ही घटनेत नाही. पुन्हा समिती. तिने सुचवलं, १८०० पर्यंत बंदी नको. त्यावर साउथ कॅरोलिनाच्या चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनीने (नियमांचा मसुदा करणारा चार्ल्स पिंकनी वेगळा) आणखी आठ वर्षं मागितली आणि मॅडिसनचा विरोध असूनही ती सात विरुद्ध चार मतांनी मिळाली. बदल्यात व्यापारी जहाजवाहतुकीचे कायदे साध्या बहुमताने करता येतील, ही उत्तरेच्या सोयीची गोष्ट दक्षिणेने मान्य केली. पळालेला गुलाम मालकाला परत देण्याचं कलम तर विनाविरोध आलं.

मसुदाकाराची नजर इथे अडखळते. सगळ्या घटनेत गुलाम हा शब्द कुठेही नाही; ‘अशा व्यक्ती’, ‘इतर सर्व व्यक्ती’ अशी लपवाछपवी आहे. त्याच वेळी १८०८ पूर्वी आयातीच्या कलमात घटनादुरुस्तीनेही हात घालता येणार नाही, अशी पक्की तजवीज मात्र केली आहे. नाव घ्यायची लाज आणि बंदोबस्त मात्र चोख. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ७ लाख माणसं गुलाम म्हणून मोजली गेली. तडजोड नसती तर संघराज्य झालं नसतं, असं समर्थन नेहमी केलं जातं. शक्य आहे. पण ज्यांच्या जिवावर ती झाली ते त्या खोलीत नव्हते, हेही त्याच दमात सांगायला हवं. यादवी युद्ध आणि १८६५ ची तेरावी दुरुस्ती होईपर्यंत हा हिशेब मिटला नाही.

राष्ट्राध्यक्षपदाची गोष्ट तुलनेने गमतीची. १ जूनला जेम्स विल्सनने सुचवलं की कार्यकारी प्रमुख एकच असावा. खोलीत शांतता पसरली. राजा नुकताच घालवलेला, आणि बहुधा जो पहिला प्रमुख होणार तो वॉशिंग्टन समोर बसलेला; बोलायचं कोणी? शेवटी फ्रँकलिनने आपली मतं मांडा अशी विनंती केली. एकच माणूस हे लवकर ठरलं, पण त्याला निवडायचं कसं यावर परिषद सगळा उन्हाळा गोल फिरली. कायदेमंडळाने निवडावा, सात वर्षांसाठी, पुन्हा उभं राहता येणार नाही. मग निर्वाचकांनी निवडावा. मग परत कायदेमंडळानेच. मुदतीवर ११ वर्षं, १५ वर्षं अशी बोली चढत गेली तेव्हा रूफस किंगने २० वर्षं सुचवली, राजांचं सरासरी आयुष्य तेवढंच म्हणून!

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी उरलेसुरले मुद्दे डेव्हिड ब्रेअर्लीच्या समितीकडे गेले. तिने ४ सप्टेंबरला जे आणलं तेच आजचं निर्वाचक मंडळ : चार वर्षांची मुदत, प्रत्येक राज्याला प्रतिनिधी अधिक सिनेटर एवढे निर्वाचक, प्रत्येकाला दोन मतं आणि दुसऱ्या क्रमांकावर येणारा उपराष्ट्राध्यक्ष. बहुमत न मिळाल्यास निवड सिनेटकडे. ती पुढे शर्मनच्या सूचनेवरून प्रतिनिधिगृहाकडे गेली. मेसनचा अंदाज होता की वीसपैकी एकोणीस वेळा निर्वाचकांत बहुमत होणारच नाही. प्रत्यक्षात राष्ट्राध्यक्षाची निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली ती फक्त १८०० आणि १८२४ च्या निवडणुकांत. राजकीय पक्ष येतील हे कोणी धरलंच नव्हतं. त्यामुळे १८०० मध्ये एकाच पक्षाच्या जेफर्सन आणि ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ मतं पडली आणि कोंडी फुटायला प्रतिनिधिगृहात ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं. १८०४ मध्ये बाराव्या दुरुस्तीने दोन पदांची मतं वेगळी केली. थकलेल्या समितीने शेवटच्या आठवड्यात लिहिलेलं कलम पहिलं मोडतं, हा अनुभव सगळीकडे सारखाच.

८ सप्टेंबरला पाच जणांची भाषा समिती झाली. लेखणी मुख्यतः गव्हर्नर मॉरिसची (गव्हर्नर हे त्याचं नाव, पद नव्हे). चार दिवसांत २३ कलमांची सात झाली. जुन्या मसुद्याच्या सरनाम्यात तेराही राज्यांची नावं ओळीने होती. पण नऊ राज्यांनी मंजुरी दिली की घटना लागू होणार आणि ती नऊ कोणती हे कोणालाच ठाऊक नाही. ऱ्होड आयलंड तर आलंच नव्हतं. मग नावं लिहायची कोणाची? मॉरिसने नावं काढून टाकली आणि ‘आम्ही संयुक्त संस्थानांचे लोक’ अशी सुरुवात केली. व्यावहारिक अडचणीवर काढलेल्या या उताऱ्याला पुढे केवढा अर्थ आला.

१२ सप्टेंबरला मेसनने हक्कांची सनद जोडावी असं सुचवलं. काही तासांत तयार होईल म्हणाला. एकाही राज्याने पाठिंबा दिला नाही. सगळ्यांना घरी जायचं होतं. ही चूक फार महागात पडणार होती.

शनिवारी, १५ तारखेला, मजकूर जेकब शॅलस या कारकुनाकडे गेला. सोमवारपर्यंत त्याने चार मोठ्या चर्मपत्रांवर तो सुवाच्य अक्षरात उतरवला. मेहनताना ३० डॉलर. सोमवारी, १७ तारखेला, सह्यांच्या तोंडावर गोरमने एक बदल मागितला : दर ४०,००० लोकांमागे एक प्रतिनिधी ऐवजी दर ३०,००० मागे. वॉशिंग्टन सगळ्या उन्हाळ्यात मजकुराच्या बाबतीत एकदाच बोलला, ते याच्या बाजूने. शॅलसला लिहिलेलं खरवडून वर नवा आकडा लिहावा लागला. शेवटच्या पानावर सह्यांच्या डावीकडे पाहिलंत तर बारीक अक्षरात नोंद दिसेल : पहिल्या पानावर पंधराव्या ओळीतला ‘तीस’ हा शब्द काही अंशी खाडाखोडीवर लिहिला आहे, अमुक ओळींमध्ये तमुक शब्द घातला आहे, खाली सचिव विल्यम जॅक्सनची सही. मला ही नोंद सरनाम्याहून जास्त आवडते. पेनसिल्व्हेनियाच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर गळलेलं मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

मेसन, रँडॉल्फ आणि गेरी यांनी सही नाकारली. एकमताचा देखावा तर हवा होता, म्हणून मॉरिसने शब्दयोजना केली की ‘हजर असलेल्या राज्यांच्या’ एकमताने हे झालं. व्यक्तींच्या एकमताचा उल्लेखच नाही. सह्या ३९. त्यातली डिकिन्सनची त्याच्या गैरहजेरीत जॉर्ज रीडने केली.

मंजुरीचा भाग पटकन सांगतो. राज्यांच्या विधानसभांना वळसा घालून प्रत्येक राज्यात वेगळी निवडलेली परिषद भरवायची होती. डेलावेअरने ७ डिसेंबर १७८७ ला एकमताने होकार दिला. खरी कसोटी मॅसॅच्युसेट्सची. तिथे हार दिसू लागली तेव्हा समर्थकांनी तोड काढली : मंजुरी बिनशर्त द्या, सोबत दुरुस्त्यांच्या शिफारशी जोडा. १८७ विरुद्ध १६८. हीच वाट पुढे इतरांनी धरली. २१ जून १७८८ ला न्यू हॅम्पशायर नववं. पण व्हर्जिनिया (८९ विरुद्ध ७९) आणि न्यूयॉर्क (३० विरुद्ध २७) यांच्याशिवाय त्याला अर्थ नव्हता. ऱ्होड आयलंड मे १७९० मध्ये आलं, दोन मतांच्या फरकाने, तेव्हा नवं सरकार वर्षभर जुनं झालं होतं.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. घटनेत सरकार जवळजवळ नाहीच. खाती किती, न्यायाधीश किती, खालची न्यायालयं असावीत की नाही, सगळं मोकळं सोडलेलं. ते भरलं १७८९ च्या पहिल्या काँग्रेसने, न्यूयॉर्कमध्ये. तिची तारीख होती ४ मार्च. प्रतिनिधिगृहाचा कोरम भरला १ एप्रिलला, सिनेटचा ६ एप्रिलला. चिखल अजून तोच होता. ३० एप्रिलला वॉशिंग्टनचा शपथविधी झाला. राष्ट्राध्यक्षाला काय म्हणायचं यावर सिनेटने कित्येक दिवस घातले. त्यांना ‘हिज हायनेस’ने सुरू होणारी लांबलचक बिरुदावली हवी होती. प्रतिनिधिगृहाने साधं ‘प्रेसिडेंट’ धरून ठेवलं म्हणून बरं.

परराष्ट्र, युद्ध आणि अर्थ ही खाती त्या उन्हाळ्यात झाली. तिथे घटनेतली एक फट समोर आली. मंत्र्याची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने करतो, हे लिहिलेलं होतं. त्याला काढायचं कोणी? महाभियोग सोडला तर घटनेत एक अक्षर नाही. जूनमध्ये प्रतिनिधिगृहात यावर दिवसेंदिवस खल झाला. तोडगा पाहण्यासारखा आहे. अधिकार ‘दिला’ असं म्हटलं तर तो काँग्रेसचा होता असं ठरतं. म्हणून कायद्यात फक्त एवढं लिहिलं, की राष्ट्राध्यक्षाने मंत्र्याला दूर केलं किंवा अन्य कारणाने जागा रिकामी झाली तर दफ्तर मुख्य कारकुनाच्या ताब्यात राहील. म्हणजे अधिकार आहेच असं गृहीत धरून दफ्तराची व्यवस्था लावली! सिनेटमध्ये मतं समसमान पडली, आणि उपराष्ट्राध्यक्ष ॲडम्सच्या मताने वाद मिटला. मिटला म्हणजे कायद्यापुरता. न्यायालयात तो आजही वेगवेगळ्या रूपांत येतो.

करार करताना राष्ट्राध्यक्षाने सिनेटचा ‘सल्ला आणि संमती’ घ्यायची, असंही घटनेत आहे. सल्ला घ्यायचा कसा? वॉशिंग्टनने ते शब्दशः घेतलं. २२ ऑगस्टला तो युद्धमंत्री नॉक्सला घेऊन सिनेटमध्ये गेला आणि दक्षिणेकडच्या क्रीक लोकांशी करायच्या तहाबद्दलचे प्रश्न समोर ठेवले. मजकूर वाचला गेला, पण खिडक्यांबाहेरच्या गाड्यांच्या खडखडाटात नीट ऐकू येईना. सिनेटर म्हणाले, कागद समितीकडे देऊ. वॉशिंग्टन संतापला, मग मी स्वतः येण्याचा उपयोगच काय, अशा अर्थाचं बोलला. सोमवारी पुन्हा आला, काम उरकलं, आणि त्यानंतर असा सल्ला घ्यायला कधीच गेला नाही. तेव्हापासून करार आधी होतो, सिनेटकडे नंतर जातो. घटनेतला एक शब्द न बदलता एका दुपारच्या गोंधळाने प्रथा बदलली.

न्यायव्यवस्थेचा कायदा २४ सप्टेंबर १७८९ चा, मुख्यतः एल्सवर्थच्या हातचा. तपशील समितीतला तोच एल्सवर्थ. सर्वोच्च न्यायालयात सहा न्यायाधीश, १३ जिल्हा न्यायालयं. वर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी फिरतीवर जाऊन खटले ऐकायचे. त्या रस्त्यांवरून घोडागाडीने फिरणं किती जाचक होतं याच्या तक्रारी त्यांनी लगेच सुरू केल्या.

राहिली हक्कांची सनद. मंजुरीच्या लढाईत तिची उणीव विरोधकांच्या हाती सर्वांत धारदार शस्त्र ठरली होती. आधी तिची गरज नाही म्हणणाऱ्या मॅडिसननेच ८ जूनला दुरुस्त्या मांडल्या. त्या मूळ कलमांत जागच्या जागी विणाव्यात असं त्याचं मत होतं. आपल्याकडे घटनादुरुस्ती साधारण तशीच केली जाते. रॉजर शर्मनने विरोध केला : सह्या केलेल्यांच्या दस्तऐवजात नंतरचा मजकूर मिसळू नका, शेवटी वेगळा जोडा. शर्मन जिंकला. म्हणूनच अमेरिकी घटनेत १७८७ चा मजकूर, रद्द झालेल्या कलमांसकट, आजही जसाच्या तसा वाचता येतो. काँग्रेसने १२ दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या, त्यातल्या १० डिसेंबर १७९१ मध्ये मंजूर झाल्या. उरलेल्या दोनपैकी सदस्यांच्या पगाराबद्दलची, मुदत घातलेली नसल्याने, लटकत राहिली आणि १९९२ मध्ये सत्ताविसावी दुरुस्ती म्हणून मंजूर झाली.

स्वतः वाचून पाहायचं असेल तर थोर भाषणांपासून सुरुवात करू नका. ६ ऑगस्टचा मसुदा आणि १२ सप्टेंबरचा मसुदा शेजारी ठेवा आणि दोन्हींत काय बदललं त्यावर खुणा करत जा. प्रत्येक खुणेपाशी ‘हे कोणाला हवं होतं’ एवढं विचारा आणि त्या तारखेची मॅडिसनची टिपणं उघडा. खोलीत पुढे बसून तो रोजची चर्चा टिपून घेत असे. ती टिपणं त्याच्या मृत्यूनंतर, १८४० मध्ये छापली गेली. बहुतेक उत्तरं तिथे सापडतात.